जन्मतारीख आधी, शेरा नंतर

पालक, शिक्षक, प्रशिक्षक आणि निवड समित्या यांच्यासाठी. घरात, शिक्षकांच्या खोलीत आणि मैदानाच्या सूचनाफलकावर लावावे.

काय करावे

तारीख आणि कागद

• मुलाच्या जन्मतारखेशेजारी त्याच्या शाळेची आणि खेळाची कट-ऑफ (वय मोजण्याची ठरलेली) तारीख लिहून ठेवा. गटात ते थोरले की धाकटे, हे या तारखांवरूनच कळते.
• प्रत्येक ठिकाणची कट-ऑफ वेगळी धरा: राज्यातल्या शाळांत पहिलीला ३१ डिसेंबर, केंद्रीय विद्यालयात ३१ मार्च, बीसीसीआयच्या वयोगटांत १ सप्टेंबर, शालेय क्रीडा स्पर्धांत १ जानेवारी.
• एकच मूल एका गटात थोरले आणि दुसऱ्यात धाकटे असू शकते, हे ध्यानात ठेवा. डिसेंबरचा मुलगा वर्गात सर्वांत लहान असतो, पण क्रिकेटच्या गटात मोठ्यांत मोडतो.
• ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाकडे क्रिकेटच्या मैदानावर जास्त लक्ष द्या. वर्गात तो मधोमध असला तरी इथे सगळे त्याच्याहून मोठे असतात.
• वय सांगताना वर्षे आणि महिने दोन्ही सांगा. जूनमध्ये पहिलीच्या एकाच बाकावर ५ वर्षे ६ महिन्यांचे आणि ६ वर्षे ५ महिन्यांचे मूल शेजारी बसलेले असते.
• जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा. पुढचे सगळे वय त्या एका कागदावरून मोजले जाते.
• जन्मदाखला, शाळेचे जनरल रजिस्टर आणि आधार यांवर तारीख एकसारखी आहे का, हे पहिलीतच तपासा. दहावीच्या वर्षी दुरुस्तीची धावपळ होते.
• १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखला जपून ठेवा. शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून तोच लागतो.

शाळाप्रवेश

• किमान वयाची अट ही किमानच समजा. डिसेंबरचे मूल एक वर्ष थांबले तर पहिलीत साडेसहा वर्षांचे असते, म्हणजे वर्गातल्या थोरल्यांच्या बरोबरीचे.
• निर्णयाआधी बालवाडीच्या ताईंना चार गोष्टी विचारा: डबा आपापला खाते का, शू लागली तर सांगते का, गोष्ट संपेपर्यंत बसते का, दोन सूचना लक्षात ठेवते का.
• थांबायचे ठरवण्यापूर्वी त्या वर्षीचे परिपत्रक वाचा; आरटीईच्या जागांना वयाची वरची मर्यादाही असते.
• थांबलात तर ते वर्ष खेळ, गाणी, गोष्टी आणि माती-पाण्याने भरा. घरात नुसते बसवलेले वर्ष मुलाच्या कामी येत नाही.
• घालायचे ठरवलेत तर तेही निश्चिंत मनाने घाला. सोबत घरचा धीर असेल तर धाकटी मुलेही छान रमतात.
• बाळ वेळेआधी जन्मले असेल तर प्रवेशापूर्वी बालरोगतज्ज्ञांशी बोला. जानेवारीत येणारे बाळ डिसेंबरात आले की शाळेच्या हिशेबात त्याचे एक वर्ष जाते.
• इंग्लंडमध्ये राहत असाल आणि मूल १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधले असेल, तर रिसेप्शनचा वर्ग एक वर्ष उशिरा सुरू करण्याची लेखी विनंती वेळेत करा. ती मंजूर होईलच असे नसते.

घरी

• मुलाची आजची वही त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वहीशेजारी ठेवून बघा. प्रगती तिथे स्पष्ट दिसते.
• दाराच्या चौकटीवर दर तीन महिन्यांनी उंचीची खूण करून तारीख लिहा; पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढ होते.
• सहज उघडेल असा डबा, सैल बटणांचा शर्ट आणि पट्ट्यांचे बूट द्या. मधल्या सुट्टीची दहा मिनिटे झाकणाशी झटण्यात गेली की मूल उपाशीच वर्गात परतते.
• खरे कारण सोप्या शब्दांत सांगा: "तू वर्गात सगळ्यांत लहान आहेस, म्हणून थोडा वेळ लागतोय. जमेल तुला."
• शाळकरी मुलाला रात्री ९ ते १२ तास झोपू द्या. धाकट्या मुलाचा जीव संध्याकाळपर्यंत लवकर दमतो.
• रविवारी त्याच्याहून लहान मुलांबरोबरही खेळू द्या. रोज धाकटे असणाऱ्याला कधीतरी दादा किंवा ताई होता आले पाहिजे.
• पहिल्या पालकसभेत बाईंना जन्मतारीख आठवणीने सांगा. चाळीस मुलांच्या वर्गात ती आपोआप लक्षात येत नाही.

वर्गात

• जूनमध्ये हजेरीची यादी एकदा जन्मतारखेनुसार लावा आणि शेवटच्या आठ-दहा नावांखाली पेन्सिलने रेघ ओढा; शेरा लिहिण्याआधी दर वेळी ती यादी उघडा.
• धाकट्यांना पुढच्या बाकांवर बसवा आणि सूचना एका वेळी एकच द्या. तिसरी सूचना येईपर्यंत पहिली निसटते.
• लेखनाआधी बोटे तयार करा. मणी ओवणे, कात्रीने कापणे, कणीक मळणे यांनंतर 'क्ष' आणि 'ज्ञ' पाटीवर नीट उतरतात.
• ज्याचे लिहून होत नाही त्याचे उत्तर तोंडी ऐका. पुष्कळदा उत्तर येत असते, हात मागे राहिलेला असतो.
• वाचनाचे गट दीड-दोन महिन्यांनी नव्याने पाडा. या वयात मुले महिन्याला बदलतात.
• वर्गप्रमुख, स्नेहसंमेलनातली मोठी भूमिका, परिपाठातले भाषण यांत धाकट्यांनाही पाळीने उभे करा. हिंमत संधीतून येते.
• प्रगतिपुस्तकात गुणांच्या वर वय वर्षे-महिन्यांत लिहा. पालकांना एका नजरेत संदर्भ कळतो.
• अंतर वर्षागणिक घटते हे पालकांना सांगा. २००६ च्या अनेक देशांच्या अभ्यासात सर्वांत धाकटी मुले चौथीत ४ ते १२ शततमक मागे होती, आठवीत २ ते ९.
• मूल एका जागी बसत नसेल तर आधी जन्मतारीख बघा, मग घरचे वागणे विचारा आणि दोन्हीकडे त्रास असेल तर डॉक्टरांकडे पाठवा. खऱ्या अडचणीला मदतही वेळेत मिळाली पाहिजे.

मैदानावर

• उंचीप्रमाणे बॅट, वयाप्रमाणे चेंडू द्या. क्रिकेटच्या नियमांतच लहान मुलांचा चेंडू १३३ ते १४४ ग्रॅमचा आहे, पुरुषांचा १५६ ते १६३ ग्रॅमचा.
• खेळपट्टी आखूड करा आणि बास्केटबॉलची रिंग ३.०५ ऐवजी २.६० मीटरवर बांधा. नेम धरायला शिकण्याआधी ताकद लावायची वेळ येऊ नये.
• महिन्यातून एकदा वय बाजूला ठेवून उंची-वजनाप्रमाणे संघ पाडा. इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांत शरीराच्या वाढीनुसार असे गट पाडून सामने खेळवतात.
• दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची नोंदवा. मुलींची झपाट्याची वाढ साधारण बाराव्या, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास होते.
• तो झपाटा सुरू झाला की धावणे, उड्या आणि वेगवान गोलंदाजी कमी करा. हाडे पुढे जातात, स्नायू मागून येतात आणि दुखापती वाढतात.
• कबड्डीत धाकट्याला चढाईचे पदलालित्य, हात-पायाचा स्पर्श आणि बोनस घोटवून घ्या. पकडीची ताकद नंतर येते, चपळाई आताच शिकता येते.
• सराव सामन्यात प्रत्येकाला फलंदाजी आणि गोलंदाजी द्या. कायम लाँग लेगला उभा असलेला मुलगा क्रिकेट शिकत नाही.
• मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, बुद्धिबळ, नेमबाजी यांची चव चाखू द्या. तिथे लहान चण आड येत नाही.

निवड चाचणीत

• पाठीवरचे क्रमांक वयाच्या क्रमाने द्या आणि निवड समितीला तसे सांगा. २०१७ च्या एका प्रयोगात नुसत्या जन्मतारखा सांगून थोरल्यांकडचा कल गेला नाही, अशा क्रमांकांनी गेला.
• धावण्याची वेळ, फेकीचे अंतर आणि वय एकाच ओळीत लिहा. आकडा एकटा असला की फसवतो.
• चाचणी किमान दोन वेगळ्या दिवशी घ्या. एका सकाळी सर्वांत थोराड मूलच डोळ्यांत भरते.
• खेळाची समज वेगळी टिपा: मोकळी जागा दिसते का, थ्रो योग्य टोकाला येतो का, चुकल्यावर पुढच्या चेंडूला सावरते का.
• यादी लावण्याआधी निवडलेल्यांचे जन्ममहिने चार तिमाह्यांत मोजा; कॅनडातल्या आइस हॉकीत जानेवारी ते मार्चच्या मुलांची गर्दी १९८० च्या दशकात अशा साध्या मोजणीतूनच दिसली.
• पहिल्या तिमाहीतलीच मुले निम्म्याहून जास्त निघाली तर यादी पुन्हा बघा. प्रतिभा तीन महिन्यांत गोळा होत नाही.
• शालेय स्पर्धांच्या १७ वर्षांखालील गटात पहिल्या वर्षीच्या खेळाडूंकडे वेगळे बघा. समोरचा जवळपास तीन वर्षांनी मोठा असू शकतो.
• काही जागा उशिरा वाढणाऱ्यांसाठी राखा. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने अशा मुलांचे स्वतंत्र राष्ट्रीय संघ उभे केले आहेत.

थोरल्या मुलांसाठी

• त्यांना मधूनमधून वरच्या गटात खेळवा. ताकदीवर जिंकायची सवय लागली की कौशल्य मागे राहते.
• वर्गात त्यांना एक पायरी अवघड काम द्या. सोप्या शाबासकीवर वाढलेले मूल पुढे पहिल्या अपयशाला हबकते.
• कौतुक मेहनतीचे करा, उंचीचे नको. पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाकीचे उंचीला येऊन भिडतात.
• धाकट्याला शिकवायची जबाबदारी द्या. शिकवताना स्वतःचे पक्के होते.

यादीत नाव नसेल तेव्हा

• मुलाला कारण समोर बसवून सांगा आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी दोन नेमकी कामे द्या. भिंतीवरच्या कागदाशी बोलता येत नाही.
• गाळलेल्या मुलांची नावे, जन्मतारखा आणि उंची वहीत ठेवा आणि पुढच्या वर्षी त्यांना स्वतः फोन करून बोलवा. स्वतःहून परत येण्याची हिंमत फार थोड्यांत असते.
• राखीव खेळाडूंनाही सामने मिळवून द्या. शेजारच्या शाळेशी शनिवारचा एक सामना एवढी तजवीज पुरते.
• घरी त्या संध्याकाळी आधी जेवायला वाढा, मग बोला. पोटात अन्न आणि पाठीवर हात असला की रडू लवकर ओसरते.

काय टाळावे

तारीख आणि कागद

• जन्ममहिन्याला गुण-दोष चिकटवू नका. बेल्जियमने १९९७ मध्ये फुटबॉलची कट-ऑफ १ ऑगस्टवरून १ जानेवारीला आणली, तेव्हा फायदाही ऑगस्टच्या मुलांकडून जानेवारीच्या मुलांकडे गेला.
• रास आणि नक्षत्र इथे आणू नका. प्रश्न महिन्यांच्या अंतराचा आहे, ग्रहांचा नाही.
• कट-ऑफ गाठण्यासाठी प्रसूतीची तारीख अलीकडे-पलीकडे करायला सांगू नका. तो निर्णय आई आणि बाळाच्या तब्येतीवरून डॉक्टरांनीच घ्यायचा.
• अंदाजाची तारीख लावू नका. आजोबांच्या पिढीला गुरुजींनी सरसकट १ जून लावला, आजच्या मुलाला त्याची खरी तारीख हवी.
• वयचोरी करू नका. बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय मोजते.
• "सगळेच करतात" म्हणून खोटा दाखला खपवून घेऊ नका. त्या दाखल्याने खऱ्या वयाच्या एका मुलाची जागा जाते.
• मुलाला खोटे वय पाठ करायला लावू नका. अधिकाऱ्यासमोर खोटे बोलण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर बसते.
• एका मोठ्या नावाने विषय मिटवू नका. स्मृती मानधनाचा १८ जुलैचा जन्म क्रिकेटच्या वर्षाच्या अखेरचा आहे हे खरे, पण गाळल्या गेलेल्या मुलींची नावे आपल्याला माहीतच नसतात.

शाळाप्रवेश

• "वर्ष वाया जाईल" या धाकाने घाई करू नका. पुढे कितीतरी वर्षे काम करायचे आहे, एक वर्ष खेळायला मिळाले तर बिघडत नाही.
• शेजारच्या मुलाने प्रवेश घेतला म्हणून तुम्ही घेऊ नका. त्याचा जन्म कदाचित फेब्रुवारीतला असेल.
• नुसती अक्षरे-आकडे येतात म्हणून मूल तयार समजू नका. शंभरपर्यंत मोजणारेही घंटा होईपर्यंत बसू शकत नाही.
• सरसकट सर्वांनी थांबावे असाही आग्रह धरू नका. बोलके, धीट, रमणारे मूल आणखी वर्षभर बालवाडीत कंटाळते.
• मैदानात थोरले ठरावे म्हणून मुलाला मागे ठेवू नका. खेळाच्या गटात जन्मतारीख मोजतात, इयत्ता नाही.
• केंद्रीय विद्यालय आणि राज्यातल्या शाळा यांची तुलना करू नका; तारीख बदलली की थोरले-धाकटे बदलतात.
• बदलीच्या नोकरीत शाळा बदलताना जुन्या इयत्तेवर अडून बसू नका. नव्या वर्गातली मुले किती मोठी आहेत ते आधी बघा.

घरी

• चुलत-मावस भावंडांची इयत्ता जुळते म्हणून गुण जुळवू नका. त्यांच्यात अकरा महिन्यांचे अंतर असू शकते.
• पाहुण्यांसमोर "हा जरा मागेच आहे" म्हणू नका. मूल खेळत असले तरी ऐकत असते.
• धाकटेपणाला कायमची ढाल करू नका. कारण समजले की सरावही हवा.
• त्याचे दप्तर, बूट, वही-पाटी सगळे तुम्ही करू नका. हळू होईल, पण त्याच्या हाताने होऊ द्या.
• पहिलीत शिकवणी लावू नका. दमलेल्या मुलाला आणखी दोन तास बसवल्याने त्याचे वय वाढत नाही.
• उंची वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्या देऊ नका. उंचीची खूण वर्षभर हलली नाही तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा.
• व्हॉट्सअॅप गटावर गुणपत्रिका टाकू नका; तिच्यावर कुणाचेच वय लिहिलेले नसते.

वर्गात

• 'ढ', 'मंद', 'बाळू' हे शब्द वर्गात येऊ देऊ नका. डिसेंबरच्या मुलाला ते मार्चपर्यंत खरे वाटू लागतात.
• पहिल्या चाचणीवरून हुशार आणि कच्चे असे कायमचे बाक पाडू नका. जूनमधले मोठे अंतर वयाचेच असते.
• अक्षर वाकडे आले म्हणून पान फाडू नका. साडेपाच वर्षांच्या बोटांना ओळीवर थांबायला वेळ लागतो.
• अतिचंचलतेचा, म्हणजे एडीएचडीचा, शिक्का घाईने मारू नका; अमेरिकेत १ सप्टेंबरची कट-ऑफ असलेल्या राज्यांत ऑगस्टच्या मुलांत हे निदान सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्के जास्त आढळले (२०१८).
• मधली सुट्टी किंवा खेळाचा तास शिक्षा म्हणून कापू नका; धाकट्यांना त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.
• शिष्यवृत्तीच्या वर्गासाठी फक्त वार्षिक गुण बघू नका. यादीच्या तळाशी पेन्सिलची रेघ असलेली नावेही तपासा.
• ओळीत उंचीप्रमाणे उभे करून रोज शेवटचा-पहिला ठरवू नका. कवायतीपुरती ओळ पुरे.
• थोरल्या मुलाची बरोबरी करत नाही म्हणून पालकांना बोलावणे धाडू नका. आधी दोघांच्या जन्मतारखांत किती महिने आहेत ते मोजा.
• सावकाश लिहिणाऱ्याची वही तासाअखेर ओढून घेऊ नका. पाच मिनिटांत त्याचे उत्तर पुरे होते.

मैदानावर

• दादाची जुनी जड बॅट आणि मांडीपर्यंत येणारे पॅड लावून धाकट्याला उभे करू नका. धाव काढताना पॅडच पायात येतात आणि धावबाद होण्याचा दोष मुलाला लागतो.
• "ताकद नाही" म्हणून गोलंदाजी बंद करू नका. टप्पा आणि दिशा ताकदीविना शिकता येते.
• उशिरा वाढणाऱ्या मुलाला वजने उचलायला लावून थोराड करायला जाऊ नका. आधी स्वतःच्या अंगाचे वजन पेलू द्या.
• जन्ममहिना आणि शरीराची वाढ एकच समजू नका; डिसेंबरची मुलगी लवकर वयात येऊ शकते, जानेवारीची उशिरा.
• दहाव्या वर्षी एकाच खेळात अडकवू नका. कोणते शरीर घडणार हे अजून ठरलेले नसते.
• सामना जिंकण्यासाठी उंच मुलांनाच पुढे ठेवू नका. या वयातला चषक कपाटात राहतो, बसवून ठेवलेली मुले खेळ सोडतात.
• झपाट्याने वाढणाऱ्याला "आळशी झालास" म्हणू नका. झपाट्याच्या वाढीत हात-पाय काही महिने ऐकत नाहीत.
• मुलाला त्याच्या आकारावरून टोपणनाव देऊ नका. 'चिंटू' हाक सोळाव्या वर्षापर्यंत पाठ सोडत नाही.

निवड चाचणीत

• उंचीवरून वेगवान गोलंदाज आणि गोलरक्षक ठरवून टाकू नका. तेराव्या वर्षीचा सर्वांत उंच मुलगा अठराव्या वर्षी मध्यम असू शकतो.
• फक्त दौड आणि लांब उडीच्या आकड्यांवर चाळणी लावू नका; त्या चाळणीतून आधी धाकटीच गळतात.
• एकदा गाळलेल्याला पुढच्या वर्षी "हा तोच ना" म्हणून बघू नका. वर्षभरात तो वेगळा खेळाडू झालेला असतो.
• निवडलेल्यांनाच चांगले प्रशिक्षक, चांगले मैदान आणि सामने देऊ नका. महिन्यांचे छोटे अंतर त्यानेच वर्षांचे होते.
• ओळखीच्या मुलाला जागा देताना वयाचे कारण पुढे करू नका. हा नियम न्यायासाठी आहे, आडोशासाठी नाही.
• कबड्डीतली वजनाची अट गाठण्यासाठी वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नका. या वयातली उपासमार हाडांना भोवते.
• पालकांना चाचणीच्या सीमारेषेपाशी उभे करू नका. मुलाचे लक्ष चेंडूवर हवे, बाबांच्या चेहऱ्यावर नको.

थोरल्या मुलांसाठी

• "तू मोठा आहेस म्हणून जिंकतोस" असे म्हणून त्याचे यश पुसू नका. त्याने केलेली मेहनतही खरी असते.
• त्याला लवकर तारा करू नका. आठव्या वर्षीच्या वर्तमानपत्रातल्या फोटोचे ओझे चौदाव्या वर्षी जड होते.
• बाकीचे गाठू लागले की "तू घसरलास" म्हणू नका. पुष्कळदा तो तिथेच असतो, इतर वाढलेले असतात.
• तो थोराड दिसतो म्हणून त्याच्याकडून मोठ्या माणसाचे वागणे मागू नका; अंगाने मोठा असला तरी तो नऊच वर्षांचा असतो.

यादीत नाव नसेल तेव्हा

• बाराव्या-तेराव्या वर्षी कुणालाही "तुझ्याने होणार नाही" असे सांगू नका. त्या वयात हे कुणालाच कळत नसते.
• मैदानावरच प्रशिक्षकांशी भांडू नका. दुसऱ्या दिवशी भेटा आणि पुढच्या सहा महिन्यांचे काम विचारा.
• रागाने किट विकून टाकू नका. ते एक वर्ष माळ्यावर राहिले तरी चालते.
• अभ्यासात मागे पडतोय हे निमित्त करून त्याच आठवड्यात खेळ बंद करू नका. मुलाला दोन दारे एकदम बंद झाल्यासारखी वाटतात.
• यादी वाचून झाली की नाव न आलेल्या मुलांना तसेच घरी पाठवू नका. उद्याच्या सरावाची वेळ सांगूनच सोडा.